पाठ टेकवायचा दगड

त्र्यंबक मोघे आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि त्याला हातानं सरळ रेघ काढता येत नसे. हे मी त्याच्या तोंडावर वीस वेळा म्हटलंय, तेव्हा आता त्याच्या माघारी म्हणायलाही हरकत नाही. मी गणिताचा. मी फळ्यावर वर्तुळ काढलं की तो दारातून डोकावून म्हणायचा, "भाऊ, बटाटा छान जमलाय." असं आमचं सख्य होतं.

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये तो डोंबिवलीत आला. स्टेशनापासून दहा मिनिटांवर दोन खोल्या, मागे विहीर, घरात बायको मंदाकिनी. मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. माणूस उंच, वाळका, मान जरा पुढे काढून चालणारा. कोणी रागावून बोललं तर हा त्याच्याकडे असं टक लावून बघायचा, की जणू आता याचं चित्र काढायचंय. त्याच्याशी धड भांडताही येत नसे. मी भांडखोर माणूस, माझी फार पंचाईत व्हायची.

रविवारी बाकीचे मास्तर शिकवण्या करायचे, हा सायकल काढून शीळफाट्याच्या बाजूला भटकायचा. तेव्हा तिकडे नुसती भातखाचरं, मधूनमधून आगऱ्यांची गावं आणि मागे डोंगर. एकोणपन्नासच्या थंडीत अशाच एका रविवारी उंबरखार नावाच्या पंचवीस घरांच्या गावाबाहेर त्याला तो दगड दिसला. सोमवारी शाळेत आला तो वर्गावर न जाता सरळ माझ्याकडे. म्हणाला, "भाऊ, कोणीतरी उभं आहे रे तिथं." मला वाटलं, याला ताप आलाय.

पुढच्या रविवारी मला जावंच लागलं. दगड खरोखर उभा होता. दीड पुरुष उंच, काळा, छिन्नीचा घाव कुठेही नसलेला, पश्चिमेला किंचित कललेला. भोवती लहान धोंड्यांचं कडं, अर्धं मातीत गेलेलं. छातीइतक्या उंचीवर शेंदराची जुनी पुटं. आणि त्याच्या खाली, कमरेच्या उंचीला, पूर्वेकडच्या अंगाला वीतभर जागा आरशासारखी गुळगुळीत. तेलानं तुकतुकीत झालेली. त्र्यंबकनं त्या जागेवर नुसता तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "चल आता, भूक लागली."

ती जागा कशानं गुळगुळीत झाली ते बायजानं सांगितलं. दगड ज्या खाचराच्या कडेला होता ते खाचर धाकू म्हात्र्याचं. बायजा त्याची बायको. तेव्हा चाळिशीची असेल, पण पन्नाशीची दिसायची. तिनं आम्हाला ओटीवर बसवलं, तांब्या दिला आणि विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. हा उबादेव. गावात कोणाला पोर झालं की सव्वा महिन्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालतात, पोराच्या उघड्या पाठीला तेल लावतात आणि त्याला इथं आणतात. धाकूच्या घरातल्या थोरल्या बाईनं पोर हातात घ्यायचं, त्याची पाठ देवाला टेकवायची आणि म्हणायचं, "उबादेवा, तुज्यासारका उबा ऱ्हाव दे." सासू गेल्यापासून तो मान बायजाचा होता. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातानं टेकवलेलं.

"तुमचीही?" त्र्यंबकनं विचारलं.

"माजी सात टेकवली. तीन उबी ऱ्हायली, चार देवान परत नेली." आणि हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. "त्याचीच व्हती. त्यान दिली, त्यान नेली. मी कनाला रडू?"

त्र्यंबकनं ते वहीत लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही. परत येताना तसं मी बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "अरे, किती शतकं पोरांच्या पाठी टेकल्या म्हणजे काळा पत्थर असा झिजेल, सांग ना. तू गणिताचा आहेस." घरी आल्यावर मी कागदावर आकडे मांडून बघितले. जमलं नाही.

त्यानंतर पाच वर्षं त्याला दुसरं काही सुचलं नाही. ठाण्याच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली. इंग्रजी त्याचं बेताचं, अडलं की माझ्याकडे यायचा. दक्षिणेत, नागपूरकडे असे उभे दगड आहेत, लोखंड वापरायला लागलेल्या फार जुन्या माणसांनी ते आपल्या मेलेल्यांच्या जागेवर रोवले, त्यांच्याखाली काळी-तांबडी मडकी, हाडं, भाल्याची टोकं सापडतात, असं सगळं त्यात होतं. आपल्या बाजूला असा दगड कोणी नोंदवलेला त्याला कुठे सापडला नाही. म्हणजे हा एकटाच. त्यानं त्या दगडाची चित्रं काढली, शंभरावर. सकाळचा, दुपारचा, पावसाळ्यात खाचरात पाणी भरल्यावरचा, होळीच्या आदल्या दिवशीचा. मंदाकिनीवहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, माझं एक चित्र काढलं नाही हो यांनी." मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो ओशाळला आणि त्यानं वहिनींचं एक चित्र काढलं. ते काही वहिनींसारखं दिसत नव्हतं. उभं आणि काळं मात्र होतं.

गावाला त्याची सवय झाली. पोरं त्याला 'उबा गुरुजी' म्हणायची. बायजा त्याला तांदळाची भाकरी आणि कसलीतरी भाजी द्यायची, सुकटीचं भांडं दूर सरकवून. तो भाकरी खायचा आणि घरी वहिनी त्याला आधी विहिरीवर पाठवायच्या. दर रविवारी हे ठरलेलं.

चोपन्न साली रस्ता आला. शीळफाट्याकडचा रस्ता रुंद करायचं निघालं आणि खडी काढायला उंबरखारच्या मागचा डोंगर धरला. कंत्राट पोपटशेठ नावाच्या माणसाकडे. डोंगरातून लॉऱ्या रस्त्याला यायच्या तर वाट एकच, धाकूच्या खाचराच्या कडेची, आणि त्या वाटेत उबादेव. पोपटशेठनं चार गडी पहारी देऊन पाठवले. बायजा आणि गावच्या बाया दगडाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. कोणी कोणाला मारलं नाही. बायजा एवढंच म्हणाली, "हात लावा. झडतील." गडीही देवाधर्माचेच होते. पहारी खांद्यावर टाकून परत गेले.

पण पोपटशेठ बारा गावचं पाणी प्यालेला. तो जोडे काढून आला, नारळ घेऊन आला. दगडाला हात जोडले आणि गुणाजीला, म्हणजे गावच्या पोलीस पाटलाला, म्हणाला, "देव असा उन्हात उभा ठेवता? मी देऊळ बांधून देतो, रस्त्याला लागून. सिमेंटचा चौथरा, वर पत्रा. देवाला वाजतगाजत नेऊ." गुणाजीला पटलं. खरं सांगायचं तर निम्म्या गावाला पटलं. देवाला देऊळ मिळतंय, कोण नाही म्हणेल?

त्र्यंबकला ऐकून घाम फुटला. मला म्हणाला, "भाऊ, दगड उपटला की संपलं. नुसता दगड म्हणजे काय रे? तो ज्या जागेवर उभा आहे, ज्याच्यावर उभा आहे, ते सगळं मिळून तो आहे." मी म्हटलं, "असू दे ना देवळात. निदान फुटणार तरी नाही." आज वाटतं, मी आयुष्यात शहाणपणाचं बोललो ते हे एक वाक्य. पण मी सगळं चेष्टेत बोलायचो, त्यामुळे तेही चेष्टेतच गेलं.

त्यानं सरकारात अर्ज केले. कुठल्या खात्यात ते सांगत नाही, उगाच कोणाला बोल नको. अकरा अर्ज, चित्रं जोडून. डिसेंबरात एक साहेब खरंच आला. तरुण, अभ्यासू, चांगला माणूस. वाईट असता तर मला आज शिव्या घालायला बरा पडला असता. त्यानं दगड मापला, कडं मापलं, माती चिमटीत घेऊन बघितली आणि त्र्यंबकला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तुमचं बहुधा बरोबर आहे. पण शेंदूर लावलेले दगड गावोगाव आहेत. हा गावचा देव असेल तर माझे वरिष्ठ म्हणतील, लोकांच्या देवस्थानात आपण हात कशाला घालायचा. गावकऱ्यांचा लेखी जबाब द्या. हा आमचा देव नव्हे, जुन्या काळचं स्मारक आहे, सरकारनं कुंपण घालून जतन करावं, आमची हरकत नाही. तेवढा कागद आला की मी पुढचं बघतो."

जबाब आम्ही दोघांनी माझ्या घरी बसून लिहिला. मसुदा त्याचा, अक्षर माझं. लिहून झाल्यावर तो कागदाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, हे सगळं त्यांना वाचून दाखवायलाच हवं का? नुसतं म्हटलं, सरकार देवाला कुंपण घालतंय, सह्या करा, तर?"

मी भडकलो. "अंगठे घेणार आणि वाचून दाखवणार नाहीस? तू मास्तर आहेस की सावकार? आजवर या लोकांचे अंगठे न वाचता घेणारे काय कमी झाले?"

त्याचा चेहरा उतरला. "खरं आहे तुझं," म्हणाला. "मला कसं सुचलं कोण जाणे."

पंचावन्नच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी धाकूच्या ओटीवर गाव जमलं. पुरुष ओटीवर, बाया दाराआड, बायजा उंबऱ्यात. त्र्यंबकनं जबाब वाचला. आणि वाचून थांबला नाही, समजावूनही सांगायला लागला, कारण शेवटी तो मास्तर. हजारो वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती. त्यांच्यातलं कोणी मोठं माणूस गेलं की त्याची हाडं, मडकी, हत्यारं जमिनीत ठेवायचे आणि वर खूण म्हणून असा दगड उभा करायचे. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटत होतं, आपण या लोकांना केवढी मोठी गोष्ट देतोय. तुमच्या गावाला एवढं जुनं कोणी आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

मग गुणाजी म्हणाला, "म्हंजे गुरुजी, खाली मुडदा हाय?"

"मुडदा असं नाही. आता मातीच असेल. थोडी हाडं असतील."

"म्हंजे मसनच की."

त्र्यंबकनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "हो. तसंच म्हणायचं तर, हो."

धाकूनं पहिला अंगठा उठवला. म्हणाला, "गुरुजी पाच वर्सा येतान. खोटा कनाला बोलतीन?" त्याच्यामागून एकेकानं उठवले. तेवीस अंगठे, कोणीही कुरकुर केली नाही. इतकं सहज काम झालं म्हणून परत येताना त्र्यंबक गाणं गुणगुणत होता. सायकलवर गाणं म्हणणारा त्र्यंबक मी तेवढा एकदाच बघितला.

कागद साहेबाकडे गेला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही उंबरखारला गेलो तर दगड कोरडा होता. ती गुळगुळीत जागा पांढरट पडलेली, धूळ बसलेली. पाच वर्षांत ती अशी कधी दिसली नव्हती. बायजा ओटीवर बसली होती. तिनं तांब्या दिला नाही. आम्ही बसल्यावर म्हणाली, "गुरुजी, एक इचारू?"

"विचार की."

"मी माज्या हातान टेकवली का ओ त्याहना? माजी चार पोरा?"

त्र्यंबकला आधी कळलंच नाही. मला कळलं.

"देवान नेली असा बोलायची मी," बायजा म्हणाली. "आता तुमी सांगलाव त्यो देव नाय. सव्वा महिन्याचा लेकरू, न्हाऊन तेल लावून मी मुडद्याच्या अंगाला लावला. मंग त्यान नेली का?"

"नाही, नाही, बायजा, अगं तसं काही नाही." त्र्यंबक उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. इतकं भरभर बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "दगडानं काही झालं नाही. तापानं गेली असतील, हगवणीनं गेली असतील. दगड काही करत नाही. तो नुसता दगड आहे."

बायजानं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देव नाय, तर नुसता दगड. मंग खाली मुडदा हाय त्याचा काय?"

मी आयुष्यभर पोरांना, उत्तर येत नसेल तर निदान रीत लिहा, असं सांगत आलो. त्या दिवशी रीतही सुचली नाही.

गावात बाया मोजू लागल्या. प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेलं होतंच. त्या काळी कुठल्या घरात नसायचं? पण आता त्या मोजणीला एक जागा मिळाली होती आणि एक हात मिळाला होता. बायजाला कोणी तोंडावर बोललं नाही. फक्त विहिरीवर ती आली की बाया हंडे भरून लवकर निघायला लागल्या. त्या माघात एका घरात पोर झालं, त्याच्या बारशाला बायजाला बोलावणं गेलं नाही.

त्र्यंबक रविवारसोबत बुधवारी, शुक्रवारीही जायला लागला. प्रत्येक घरी जाऊन समजावायचा. जितकं समजावायचा तितकं लोकांना वाटायचं, गुरुजींना दया येते म्हणून झाकून बोलतात. एकदा तर तो म्हणाला, "अरे, देवच आहे तो, माझंच चुकलं." तेव्हा गुणाजी हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी सादे मानूस. तुमाला खोटा बोलाय नाय येत."

आणि पोपटशेठ? त्याचा देवळाचा खर्च वाचला. त्याला काहीच करावं लागलं नाही. होळी झाल्यावर गुणाजीच त्याच्याकडे गेला.

हे आम्हाला कळलं ते धाकूकडून. एका दुपारी मधल्या सुट्टीत तो शाळेत आला, डोक्यावर टॉवेल, हातात काकड्यांची पिशवी. त्र्यंबकच्या हातात पिशवी देऊन म्हणाला, "गुरुजी, तुमचा काम झाला. काल काडला त्याला."

त्र्यंबकला वाटलं, सरकारी माणसं आली. "कोणी? साहेबांनी?"

"आमीच. भगत आनला, लिंबू नारल दिला, मंग बैल जुपले. दोन जोड्या लागल्या. लय घट बसल्याला." आणि मग अगदी मनापासून म्हणाला, "तुमी व्हतंव म्हनून आमाला कळला गुरुजी. न्हायतर अजून किती पोरा टेकवली असती."

तो खरंच आभार मानायला आला होता. तीन-चार कोस चालून, काकड्या घेऊन. मी आयुष्यात पुष्कळ लोकांचा राग केला, पण धाकूवर रागवायला मला जागाच सापडेना.

आम्ही पुढचे तास सोडून सायकली काढल्या. दगडाचे घणानं तुकडे केले होते आणि लॉरीच्या वाटेवर जिथं चाक रुतायचं तिथं भरले होते. जागेवर खड्डा. खड्ड्याच्या तळाशी त्र्यंबक उतरला आणि हातानं माती चाळायला लागला. त्याला एक खापराचा तुकडा मिळाला, बोटभर. बाहेरून तांबडा, आतून काळा. पुस्तकात होतं तसाच.

"बाकीचं काय झालं?" मी काठावर उभ्या असलेल्या गुणाजीला विचारलं.

"मडकी निंगाली. हाडा निंगाली. एक दात पन निंगाला. टोपली भरून भगतान खाडीत सोडला सगला."

म्हणजे त्याचं बरोबर होतं. पाच वर्षं लोक हसले, मीही हसलो, आणि त्याचं सगळं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. खड्ड्यात बसून तो त्या खापरीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, दगडासाठी रडतोय. मग मी मागे बघितलं. खाचराच्या बांधावर बायजा उभी होती. हाडं निघताना तीही होतीच.

"तुमी खरा सांगलाव, गुरुजी," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

साहेब एप्रिलमध्ये आला. त्यानं खड्डा बघितला, खापरी बघितली, टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाला, "मास्तर, तुम्ही म्हणत होता तेच निघालं. पण आता जतन कशाचं करू?" आमचा जबाब, तेवीस अंगठ्यांचा, त्याच्या फायलीत व्यवस्थित लावलेला होता. त्यात काहीही चुकलेलं नव्हतं.

त्र्यंबक पुढे सहा वर्षं जगला. चित्रकला शिकवत राहिला. पोरांना आंबा, कळशी, पेला काढायला लावायचा. दगडाची शंभर चित्रं त्यानं माळ्यावर टाकली. वहिनींनी ती मला नंतर दिली, अजून माझ्याकडे आहेत. त्यातलं एकच मला बघवत नाही. त्यात दगड नाहीच, नुसती ती गुळगुळीत जागा आहे, वीतभर, इतकी जपून काढलेली की हात लावावासा वाटतो. सरळ रेघ न येणाऱ्या माणसानं काढलेलं.

उंबरखारला तो त्यानंतर एकदाच गेला. छप्पन्नच्या दिवाळीनंतर धाकूचा निरोप आला, थोरल्या उत्तमला मुलगा झाला, सव्वा महिना झाला, गुरुजींनी यावं. त्र्यंबक म्हणाला, जायचं नाही. मीच म्हटलं, चल, माणसानं बोलावलं तर जावं. माझे सल्ले असे.

आम्ही पोचलो तेव्हा घरात बायजा आणि ते पोर दोघंच होती. बाकीची माणसं कापणीला गेलेली, सून विहिरीवर. पोर ओटीवर गोधडीत पडलेलं, रडून लाल झालेलं. आणि त्याच्यापासून दोन हातांवर त्याची आजी बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी सायकल धरून अंगणातच थांबलो. मला वाटलं, हिला बरं नसेल.

"बायजा, अगं घे ना त्याला," त्र्यंबक म्हणाला.

"माजे हात नको," ती म्हणाली. "मी नाय घेत कुनाला. सून येल आता." आणि म्हणाली, "तुमी घ्या. तुमचे हात साफ हायेत."

त्र्यंबक तसाच उभा राहिला. पोर रडतच होतं. मग त्यानं वाकून ते उचललं. त्याला पोरं घ्यायची सवय नव्हती. मान सांभाळता येईना, टोपडं डोळ्यांवर आलं. बायजाचा हात आपोआप पुढे आला, टोपडं सारखं करायला. अर्ध्या वाटेवर तिला आठवलं. तिनं हात मागे घेतला आणि परत मांडीखाली घातला. पोर मात्र त्याच्या खांद्याला लागून गप्प झालं. पोराची पाठ त्र्यंबकच्या तळव्यात होती, तेल लावलेली, उघडी. सून येईपर्यंत तो तसाच उभा होता, जराही न हलता.

परत येताना आम्ही नव्या रस्त्यानं आलो. खडी बसली होती, रोलर फिरला होता, सायकली छान पळत होत्या. मग तो म्हणाला, "भाऊ, तिला तो कागद वाचून दाखवायला नको होता रे."

तो मला दोष देत नव्हता. तो कोणालाच कधी दोष द्यायचा नाही. पण वाचून दाखव असं म्हणणारा मीच होतो, आणि तशीच वेळ आली तर मी आजही दुसरं काय म्हणेन, मला सांगता येत नाही.